झुंबरबाईकडं कुनीतरी जा

लीलाबाई : पुरे झाला हट्ट, आबा. देवळाची किल्ली उशीखालीच आहे. टोक दिसतंय मला.

आबा : दिसू दे. दिसली म्हंजी गावली आसं थोडंच हाय?

लीलाबाई : एरवी दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. येणारा येतो, काढून नेतो, उपासना झाली की परत टांगतो. आजच बरी ती उशीखाली जाऊन झोपली!

आबा : तिला बी वय झालं. इसावा नको?

लीलाबाई : पुण्याहून पाळकसाहेब आलेत. चार वाजता सभा. देवळाला कुलूप, आणि अख्खी मंडळी शाळेच्या पडवीत अंग चोरून बसलीय. धुकं इतकं की समोरचा माणूस खोकल्यावर कळतं कोण आहे ते.

आबा : मग सांग साहेबाला, सभा रद्द. समदी घरला जातील, चहा पितील, सुखी ऱ्हातील.

लीलाबाई : पंच निवडल्याशिवाय साहेब परतीची गाडी धरणार नाहीत.

आबा : पंच! आगं, ही देवाची मंडळी हाय का म्युनशिपाल्टी? घरात कुनी पंच निवडतं व्हय? आईला मतं पडत्यात आन मग ती भाकरी वाढती?

लीलाबाई : हे वाक्य तुम्ही सकाळपासून तयार करून ठेवलं होतंत ना?

आबा : रातीपासनं. चांगलं हाय का?

लीलाबाई : चांगलं आहे. किल्ली द्या.

आबा : लीले, तुजा बाप्तिस्मा झाला तवा तू ह्याच हातांत व्हतीस. लाथा झाडल्यास माज्या छातीवर. तवा पंच व्हते का?

लीलाबाई : नव्हते.

आबा : तुजा बाप गेला. धो धो पाऊस, चिखलात खड्डा खनला. कुनी खनला? पंचांनी?

लीलाबाई : तुम्ही खणलात. आईला पुण्याच्या दवाखान्यात नेलंत तेही तुम्हीच. मला शाळेत घालायला, आणि पुढं त्याच शाळेत मास्तरीण करायला साहेबांशी भांडलात तेही तुम्हीच. आबा, मी यातलं काही विसरलेय असं वाटतं तुम्हाला? वडील मेल्यावर मला वडील नाहीत असं एक दिवससुद्धा वाटलं नाही. पण म्हणून तुमचं ऐकायचं असं नाही.

आबा : ह्ये शाळंत शिकवत्यात का तुमास्नी?

लीलाबाई : नाही, हे तुमच्याकडून शिकले. बरं, पाय कसा आहे?

आबा : पाय हाय तितंच हाय. देवळाच्या पायरीवरनं घसरलो, येवढंच. वैदू म्हनला हाड मोडलं न्हाई, पर टेकायचा न्हाई पाय.

लीलाबाई : जेवलात?

आबा : झालं, झालं.

लीलाबाई : कुणी आणलं आज?

आबा : येत्यात की लोक. तू आपली पंचाचं बोल.

लीलाबाई : पंचाचंच बोलते. तुम्ही खाटेवर पडल्यापासून काय चाललंय ते कानांवर आलं असेल तुमच्या. घंटेचं कळलं?

आबा : घंटा वाजलेली आयकली. दोनदा.

लीलाबाई : अंबाजीनं वाजवली. मग मारुती आला, त्याला वाटलं अजून कुणी वाजवलीच नाही, त्यानं जीव खाऊन वाजवली. बाजारातली माणसं बादल्या घेऊन धावली. आग लागली म्हणून!

आबा : मारुत्याचा हात लय जड. वाजवायची नसती ती, हालवायची असती.

लीलाबाई : आणि त्याच्या आदल्या रविवारी घंटाच नाही. अंबाजीला वाटलं मारुती वाजवेल, मारुतीला वाटलं अंबाजी. उपदेशाची वेळ झाली तर दत्तोबा आणि अंबाजी एकदम उभे राहिले. "तुम्ही बोला." "छे छे, तुम्ही बोला." शेवटी दोघंही खाली बसले.

आबा : आरं द्येवा! मग?

लीलाबाई : मग काय, आम्ही गाणी म्हटली. संपली तशी तीच पुन्हा म्हटली. हसताय काय? मला रडू येत होतं.

आबा : हसू न्हाई तर काय करू? दत्तोबाला सांगायचं, बाबा तू खाली बस. त्याचा उपदेश म्हंजी मालगाडी. लांबलचक, आन मधीच थांबती.

लीलाबाई : पण त्याला सांगायचं कुणी?

आबा : मी.

लीलाबाई : तुम्ही तर इथं.

आबा : एक-दोन हप्ते. मग मी येतोच.

लीलाबाई : आणि मग? पुढं? आबा, मला तुमच्यासमोर हे बोलवत नाही. पण तुम्ही काही जन्मभर पुरणार नाही आम्हाला.

आबा : बोललीस की.

लीलाबाई : बोलले. माफ करा.

आबा : माफी कशाला? ती खाट कुरकुरती ना, ती बी त्येच बोलत आसती रातीची.

लीलाबाई : मला एक सांगा. तुम्ही घाटात रेल्वेच्या ग्यांगचे मुकादम होता.

आबा : व्हतो म्हंजी! खंडाळ्याच्या अलीकडचा टप्पा माजा. माज्या टप्प्यावरनं मेलगाडी जाताना सायबाच्या कपातला चहा हालला न्हाई कवा.

लीलाबाई : ते कसं काय जमायचं?

आबा : कसं म्हंजी? रोज उजाडायच्या आत चावीवाला हातोडी घिऊन निघायचा. रूळ धरून ठेवनारी येक न् येक चावी ठोकीत. ह्या खांबापासनं त्या खांबापोत्तर ह्याची हद्द, फुडं दुसऱ्याची. हा आजारी, तर त्याच्या जागी कोन, त्ये आदल्या सांजंला ठरायचं.

लीलाबाई : का बरं? चांगली माणसं होती सगळी, रुळावर जीव होता त्यांचा. सकाळी उठून नुसतं म्हणायचं होतंत, "कुणीतरी रूळ बघून या रे."

आबा : येडी का खुळी! आख्खी गाडी दरीत गेली आसती.

लीलाबाई : हो ना?

आबा : लबाड हायेस. मला माज्याच रुळावरनं आनलंस हितवर.

लीलाबाई : मग काय चुकलं माझं?

आबा : आयक. रूळ लोखंडाचा. त्याला डुटी लावावी लागती. मंडळी मायेची आसती. माया डुटी लावून येत न्हाई. आन आली तर ती माया न्हवं, हजेरी झाली. मी झुंबरबाईकडं कुरवंड्याला दर शनवारी जात व्हतो, त्ये काय मला कुनी नेमलं व्हतं?

लीलाबाई : नव्हतं.

आबा : तिचा ल्योक गेला, शेरडं आन ती, दोघंच. म्हंजी तीच येक मानसातली. त्या गावात आपल्यातलं दुसरं घर न्हाई. म्हनून जात व्हतो. आन पडल्यावर बी तितंच ध्यान. पायरीवर बसल्या बसल्या, पायाला कळा लागल्यात, तरी समद्यांस्नी म्हनलो, झुंबरबाईकडं कुनीतरी जा रे. झालं. पंच न्हाई, सभा न्हाई. त्याच दिशी किती घरं गेली? सांग, सांग.

लीलाबाई : सहा.

आबा : हां!

लीलाबाई : मी पण होते त्यात. कुरवंड्याच्या वाटेवर एकमेकींना भेटलो, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. हसून हसून खाली बसलो. मावशींकडे एवढं अन्न झालं की शेवया शेळ्यांनी खाल्ल्या.

आबा : बघ! शेळ्यांनी शेवया खाल्ल्या! ह्याला म्हनायचं मंडळी. कुठला पंच शेळ्यांस्नी शेवया घालील?

लीलाबाई : आबा.

आबा : काय?

लीलाबाई : पुढच्या शनिवारी कोण गेलं?

आबा : गेलं आसंल की. तू गेलीस ना?

लीलाबाई : मी नाही गेले. मला वाटलं नंदाबाई गेली. तिचं घर त्या वाटेला जवळ.

आबा : मंग नंदाबाई गेली आसंल.

लीलाबाई : आत्ता पडवीत नंदाबाईच मला विचारत होती, "झुंबरबाईचा खोकला कसा आहे हो?" मी म्हटलं, बरा असेल. आबा, जी जाऊन आली ती मला कशाला विचारेल?

आबा : दत्तोबाची कारभारीन?

लीलाबाई : ती माहेरी उर्शाला गेलीय.

आबा : मारुत्याची आई?

लीलाबाई : तिनं मला सांगितलं, "तुम्ही तरण्या आहात म्हणून बरं, जाता तरी." मला कळलंच नाही तेव्हा. मी नुसती हसले.

आबा : म्हंजी त्या दिसापासनं...

लीलाबाई : त्या दिवसापासून कुणीच नाही. प्रत्येकाला वाटलं कुणीतरी जात असेल.

आबा : काठी दे.

लीलाबाई : आबा, पाय टेकायचा नाही तुम्ही.

आबा : काठी दे म्हनतो ना! श्रावनाची झड लागलीया, म्हातारी येकली, खोकला घरात. लीले, तिला काय झालं आसलं तर मी कुठल्या तोंडानं...

लीलाबाई : तुम्ही बसा. मी जाते. सभा गेली खड्ड्यात. मी अंबाजीला घेते, आत्ताच निघते.

(दाराबाहेर कुणीतरी इरल्यावरचं पाणी झटकतं.)

झुंबरबाई : हाय का कुनी जित्तं आत?

लीलाबाई : मावशी!

आबा : झुंबर? तू हितं? चालत आलीस?

झुंबरबाई : मग काय मेण्यात? आगं मास्तरीन, हात धर. पायाला गोळं आल्यात. इरलं तितंच ऱ्हाऊ दे, पानी गळतंय.

लीलाबाई : बसा, इथं बसा. अंग तापलंय का बघू? नाही. खोकला?

झुंबरबाई : हाय. त्यो कुटं जातोय? पर तुमी कशी हायसा? समदी बरी झाली का?

लीलाबाई : बरी म्हणजे?

झुंबरबाई : पटकी आलीया का ताप?

आबा : कुनाला ताप?

झुंबरबाई : तुमास्नी. समद्यांस्नी. येक बी मानूस वर फिरकंना. म्हनलं, येवढी मायेची मानसं, आजारी पडल्याबिगर ऱ्हायाची न्हाईत. रोज वाटंकडं बघायची. मग जीव ऱ्हायना. म्हनलं, समदी हातरुनाला खिळली आसतील, त्यांस्नी भाकर कोन घालनार? नाचनीच्या थापल्या. लसनाची चटनी हाय. शेरडं शेजारनीच्या गळ्यात घातली आन निघाली.

लीलाबाई : मावशी...

झुंबरबाई : रडतीस का गं? कोन गेलं का?

लीलाबाई : कुणी नाही गेलं. सगळे धडधाकट आहेत.

झुंबरबाई : द्येवाची दया. समदी?

लीलाबाई : सगळी.

झुंबरबाई : मग का न्हाई आलासा? मी रागानं न्हाई इचारत. समजना म्हनून इचारती.

आबा : मी सांगितलं व्हतं, झुंबर. पडलो त्याच दिशी. झुंबरबाईकडं कुनीतरी जा, म्हनून.

झुंबरबाई : कुनीतरी म्हंजी कोन?

आबा : कोन म्हंजी... कुनीतरी.

झुंबरबाई : भाऊ, माजा ल्योक गेला तवा तुमी कुनाला न्हाई धाडलं. तुमी आलता. दारात उभं ऱ्हायलासा आन म्हनलासा, "झुंबर, मी रखमाजी." मला तवा काय बी दिसत न्हवतं डोळ्यांनी. पर नाव आयकलं आन धीर आला.

आबा : व्हय.

झुंबरबाई : कुनीतरीची वाट कशी बघायची मानसानं? जाऊ द्या. चूल पेटती हाय का? भाकरी गार झाल्या, जरा शेकती. आगं बया!

लीलाबाई : काय झालं?

झुंबरबाई : चूल गार. राख बी आजची न्हाई, कालची बी न्हाई. भाऊ, जेवलासा कवा?

आबा : झालं की. चनं खाल्लं. गूळ खाल्ला.

लीलाबाई : मघाशी मला म्हणालात जेवण झालं. लोक येतात म्हणालात.

आबा : येत व्हती. पयल्या हप्त्यात खाटंवर बसाया जागा न्हवती. चार घरचं कालवन आलं, आंबलं, टाकून दिलं. मग हळूहळू... किल्लीला येत्यात. दारातनंच हाक मारत्यात, "आबा, बरं हाय ना?" मी म्हनतो, "बरं हाय." जात्यात.

लीलाबाई : मीसुद्धा तेच केलं. दारातूनच. मला वाटायचं आबांकडे सारखी रीघ असेल, आपण कशाला गर्दी करा. सगळ्यांच्या आजारपणात जाणारे तुम्ही. तुमच्याकडे कुणी जायचं हे आम्हाला कधी सुचलंच नाही.

झुंबरबाई : पानी कोन भरतं?

आबा : शेजारची शालूबाई. ती काय आपल्या मंडळीतली न्हाई. तिला कुनी सांगितलं बी न्हाई. हांडा आनून ठेवती, दाराशी दोन शिव्या घालती आपल्या समद्यांस्नी, जाती.

लीलाबाई : बरोबर आहेत तिच्या शिव्या. पण तुम्ही एक हाक तर मारायचीत, आबा!

आबा : कुनाला? हाक मारायची म्हंजी नाव घ्यावं लागतं. समद्यांचं समदं मी करत आलो. आता कुनाचं नाव घिऊ, त्येच उमजंना. वाईट वाटायचं गं. लय वाटायचं. रातीला वाटायचं, माया आटली का काय लोकांची?

लीलाबाई : माया कशाला आटेल? टोपल्या बघितल्यात ना? सहा टोपल्या एकाच वाटेवर, एकाच दिवशी. माया भरपूर आहे आबा, तिला कुणी वारच लावून दिलेला नाही. आणि तुम्ही कुणाला काही करूही दिलं नाहीत कधी. अंबाजीनं घंटेला हात लावला की तुम्ही खेकसायचात.

आबा : त्यो दोर वडतो कसा त्ये बघितलंस का तू?

लीलाबाई : आता शिकवा त्याला.

झुंबरबाई : पेटली चूल, शेकल्या भाकरी. हां, खावा. गरम हाय तवर. मास्तरीन, तू बी घे.

आबा : चटनी लय झ्याक.

झुंबरबाई : डोळ्यांत पानी आलंया.

आबा : तिखट हाय.

झुंबरबाई : व्हय, तिखट हाय.

आबा : लीले, वाजलं किती?

लीलाबाई : चार वाजत आलेत.

आबा : उशी उचल. माज्यानं वाकवत न्हाई. घे ती किल्ली. आन ध्यान दिऊन आयक. घंटा अंबाजीला. येकट्याला. मारुत्यानं दोराला हात लावायचा न्हाई. मारुत्या तापलेल्या मानसाला पाठुंगळीला घिऊन दवाखान्यात पळवील, त्याला त्ये द्या. दत्तोबाला उपदेश नगं. पर मयतीच्या घरी त्यो लय चांगला बसतो. बोलत न्हाई, नुसता बसतो. त्याला त्ये काम द्या, आन त्याच्या तोंडावर सांगा की ह्ये काम उपदेशापरीस मोठं हाय. खोटं न्हाई त्ये. आन नंदाबाईला पंचात घ्या.

लीलाबाई : बाईला? पंचात?

आबा : का? सा टोपल्या काय दत्तोबाच्या डोक्यावर व्हत्या?

लीलाबाई : पाळकसाहेब काय म्हणतील?

आबा : म्हनावं, आबाची अट हाय. न्हाईतर किल्ली उशीखाली.

लीलाबाई : आणि आईला मतं पडतात का, ते वाक्य?

आबा : त्ये नगं सांगूस. वाक्य चांगलं व्हतं, पर आई आजारी पडली तर चूल कोन पेटवील, ह्याचा इचार केला न्हवता म्या. आन ह्ये बी सांग, सभंत कुनी "कुनीतरी" म्हनायचं न्हाई. काम बोललं की फुडं नाव बोलायचं. मी दारात उभा ऱ्हाऊन नाव सांगायचो, त्येच. कुरवंड्याला कोन?

लीलाबाई : मी. दर शनिवारी, शाळा सुटली की. मला नाही जमलं तर नंदाबाई, आणि ते आदल्या दिवशी ठरेल. चावीवाल्यासारखं.

आबा : शाबास.

झुंबरबाई : आन भाऊंकडं?

आबा : मला काय? मी आता हिंडाया लागीन.

झुंबरबाई : काम बोलली मी. फुडं नाव बोला.

आबा : झुंबर...

झुंबरबाई : कुनी न्हाई बोलत? मग मास्तरीन, सभंत माजं नाव सांग. रखमाजीभाऊंकडं झुंबरबाई. दर बुधवारी.

लीलाबाई : मावशी, तुमचं वय...

झुंबरबाई : ह्या भाऊंपरीस दोन पावसाळं ल्हान हाय मी. बाकीचं वार तुमी वाटून घ्या. बुधवार माजा.

आबा : आगं, कुरवंड्यावनं? येवढी लांब?

झुंबरबाई : येताना उतार हाय.

आबा : आन जाताना चढ? डोक्यावर टोपली घिऊन?

झुंबरबाई : जाताना टोपली रिकामी आसती, भाऊ.